निकिताचा पाट

केनवड
१२ जुलै २०२४

वैजयंती,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडेल, हे गृहीत धरूनच लिहायला बसलो आहे. भागवतचा नंबर तू बंद करून ठेवलास ते समजू शकतो, नवरा-बायकोचं भांडण आहे. पण सासऱ्याचाही बंद? असो. पोस्ट अजून चालू आहे आणि माझं अक्षरही. छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं आहे, तुला वाचायला त्रास होणार नाही.

तू इंझोरीला माहेरी गेलीस त्याला उद्या महिना होतो. निकिताला सोबत नेते म्हणून तू दारात उभी होतीस आणि तिचा हात माझ्या हातात होता. मी तो सोडला नाही, याचा तुला राग असणार. पण तेव्हा जे बोललो त्यावर मी आजही कायम आहे. आठ वर्षांच्या पोरीला असला काही आजार नसतो, वळण कमी असतं. अकोल्याच्या त्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर इंग्रजीत चार शब्द लिहून दिले म्हणून आपली पोर आजारी ठरत नाही. अशी चुळबुळी पोरं माझ्या हाताखालून शेकड्याने गेली. त्यातला एक आज फौजदार आहे.

आता तिच्या खोड्या ऐक. परवा शेजारच्या तुळसाबाईच्या दोन्ही शेळ्या सोडून दिल्या. विचारलं तर म्हणते, "त्याइले बोर होऊन राह्यलं होतं." जेवताना चार वेळा उठते. आठवड्यात तीन पेन्सिली हरवल्या. वर्गात बाईंचा प्रश्न संपायच्या आत हिचं उत्तर तयार, तेही भलत्याच प्रश्नाचं. काल मुंगीचं नाव कोण ठेवतं म्हणून मला अर्धा तास पिडलं. मुंगीला नाव नसतं म्हटलं तर म्हणे, "मंग तिची माय तिले काय म्हणून हाक मारते?"

तर मी कामाला लागलो आहे. तुझ्या लग्नात माहेरून आलेला तो पितळी फुलांचा पाट आहे ना, तो मधल्या खोलीत मांडला आहे. शाळेतून आली, हातपाय धुतले की पाटावर. हाताची घडी, तोंडावर बोट. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग रोज एक मिनिट जास्त. वेळ पूर्ण झाली की 'शाबास' म्हणायचं आणि सोडायचं. गोळ्या नाहीत, डॉक्टर नाही. सहा महिन्यांत पोर पाटावर बसवून दाखवतो, मग बोल.

खाण्यापिण्याची काळजी करू नकोस. माझी बहीण प्रयागबाई आहे घरात. भागवत दिवसभर त्याच्या खताच्या दुकानात असतो.

नानाजी


१८ ऑगस्ट २०२४

वैजयंती,

उत्तर आलं नाही. ठीक आहे, मला उत्तराची अपेक्षा नाही, तुला माहिती असावी म्हणून लिहितो.

सुरुवातीला पाट टिकत नव्हता. दोन मिनिटांत पोर उठून अंगणात, तिथून शेवग्याच्या झाडावर. रडून गोंधळ घालायची. मी हात उगारला नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण तुझ्या मनात तेच येणार. मग मला एक युक्ती सापडली. कोणती ते सांगत नाही, मास्तरची विद्या मास्तरपाशी. पण त्या दिवसापासून पोर बसायला लागली. आज एकतीस मिनिटं झाली.

तिच्या शाळेतल्या सुकेशनी बाई घरी येऊन गेल्या. माझीच विद्यार्थिनी, आता गावातच नोकरीला आहे. म्हणते, "सर, ते पोरगी मुद्दाम नाई करत. तिचं डोकंच तसं धावते. आमाले ट्रेनिंगमधी सांगतलं." मी म्हटलं, "तुयं डोकं धावत होतं तवा मी कोनतं ट्रेनिंग घेतलं होतं वं?" हसली बिचारी. जाताना मात्र विचारलं, "तिची आई कवा येते?" मी विषय बदलला.

नानाजी


९ नोव्हेंबर २०२४

वैजयंती,

मंगळवारी तू न कळवता आलीस. ओसरीवर उभी राहिलीस, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. निकिता प्रयागबाईसोबत आसेगावला गेली आहे, हे मी सांगितलं आणि तू माझ्याकडे पाहत राहिलीस. सासऱ्याकडे असं टक लावून बघायची आपल्याकडे रीत नाही. तू पाच-सात मिनिटं थांबलीस, मोठ्या आवाजात म्हणालीस, "तिले सांगजा, आई येऊन गेली," आणि गेलीस.

तू दिवाळीला पाठवलेला फराळाचा डबा पोचला. फ्रॉकही तिला घातला. जरा सैल होतो, तुझा अंदाज चुकला.

बाकी प्रगती उत्तम आहे. आता तिला बस म्हणावं लागत नाही, शाळेतून आली की आपणहून पाटावर जाते. उलट ऊठ म्हणून सांगावं लागतं. प्रश्न विचारणं जवळजवळ बंद आहे. पेन्सिल हरवत नाही. तुळसाबाईच्या शेळ्या दिवसभर खुंट्याला सुखाने बांधलेल्या असतात. घरात इतकी शांतता आहे की मला घड्याळाची टिकटिक ऐकू येते. पूर्वी ती कधी ऐकू आली नव्हती.

तू एकदा येऊन बघायला हवंस. म्हणजे, ती घरी असताना.

नानाजी


२७ जानेवारी २०२५

वैजयंती,

काल झेंडावंदनानंतर शाळेत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं. सरपंच भाषणात म्हणाले, "जे डॉक्टरले नाई जमलं ते गुरुजीनं एका पाटावर करून दाखोलं." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. निवृत्त झाल्यापासून गावात मला कुणी काही विचारलं नव्हतं. आता तीन घरचे लोक आपापली पोरं घेऊन विचारायला आले, गुरुजी, आमच्या पोट्ट्याले पन बसवा.

मग मुख्याध्यापकांनी निकिताला व्यासपीठावर बोलावलं. "बोल बेटा, दोन शब्द." ती माइकपाशी आली. हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि उभी राहिली. लोक हसले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तरी तिने बोट काढलं नाही. कुणाला काय करावं सुचेना. शेवटी सुकेशनी बाई पायऱ्या चढून गेली आणि तिला हाताला धरून खाली घेऊन आली. सुकेशनीने टाळ्या वाजवल्या नव्हत्या, हे मी पाहिलं होतं. मला तिचा राग आला होता.

घरी येऊन नारळ फोडला आणि निकिताच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तासाभराने मधल्या खोलीत डोकावलो तर ती पाटावर होती आणि तुकडा तसाच हातात होता. "खा की माय," म्हटलं, तेव्हा खाल्ला.

हे मी तुला का लिहितो आहे, मलाच कळत नाही. सत्काराचं लिहायला बसलो होतो.

नानाजी


१३ फेब्रुवारी २०२५

चि. वैजयंती,

आधीची पत्रं तू फाडली असशील तर चांगलंच केलंस. हे मात्र फाडण्याआधी एकदा वाच.

मागच्या आठवड्यात सुकेशनी बाई हजेरी घेत होती. निकिताचं नाव पुकारलं तर ही बाकावर बसलेली, सरळ म्हणाली, "ते नाई आली." पोरं खिदळली. बाईंनी परत विचारलं, परत तेच, "ते नाई आली आज." संध्याकाळी सुकेशनी घरी आली आणि मला हे सांगितलं. मी म्हटलं, गंमत केली असंल. तर ती म्हणाली, "सर, सहा महिन्यांत या पोरीनं एक गंमत केली नाई. तुमच्या ध्यानात येऊन राह्यलं का?"

माझ्या ध्यानात येत होतं. मी लिहीत नव्हतो. फ्रॉक सैल होत होता कारण पोर वाळत चालली होती, तुझा अंदाज बरोबर होता. दिवाळीपासून ती अंथरूण ओलं करते. प्रयागबाई गुपचूप धुऊन टाकायची. शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून निजते नाहीतर पाटावर बसते. काय झालं विचारलं तर एकच उत्तर, "थकली मी." आठ वर्षांची पोर कशाने थकते? तुळसाबाई परवा आपली शेळी ओढत आमच्या अंगणात घेऊन आली आणि दोर निकिताच्या हातात दिला. "सोड वं माय, म्या नाई रागवत." निकिताने दोर धरून ठेवला. मग परत तुळसाबाईच्या हातात दिला. ती बाई पदर डोळ्याला लावून गेली.

आता दुसरी गोष्ट. अकोल्याची ती फाइल तुला निघताना सापडली नव्हती. सगळं घर तू उलथंपालथं केलंस आणि मी खुर्चीवर पेपर वाचत बसलो होतो. फाइल माझ्या ट्रंकेत होती. उरलेल्या गोळ्याही. तू जायच्या आदल्या दिवशी मीच ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तेव्हा वाटलं होतं. गावात कुणाला कळायला नको, की नानाजी मास्तरच्या नातीला डोक्याचं औषध चालू आहे.

सोमवारी तीच फाइल घेऊन सुकेशनीला सोबत घेतलं आणि एसटीने अकोल्याला गेलो. भागवतला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी निकिताला पाहिलं, फाइल पाहिली, परत निकिताला पाहिलं. म्हणाल्या, "ही तीच का? मागच्या वेळी हिने माझ्या टेबलावरची घंटी बारा वेळा वाजवली होती." घंटी तिथेच होती. त्यांनी ती निकितापुढे सरकवली. तिने हात लावला नाही.

मग सुकेशनी पोरीला घेऊन बाहेर बसली आणि बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, आजार दोन आहेत. एक ती सोबत घेऊन आली. लक्ष एका जागी टिकत नाही, अंग स्वस्थ बसत नाही. तो हिच्या आईचा दोष नाही, हिचाही नाही, आणि त्याच्यासकट ही पोर छान मोठी झाली असती. दुसरा नंतर आला. त्याला नैराश्य म्हणतात." मी म्हटलं, एवढ्या लहान पोरीला कसलं नैराश्य? त्या म्हणाल्या, "मोठ्यांना होतं तेच. फक्त मोठी माणसं बोलून दाखवतात. लहान पोरं गप्प झाली की लोक त्यांना शहाणी म्हणतात."

मी शालीची घडी काखेत घेऊन बसलो होतो. गाडीत गारवा असतो म्हणून तीच सत्काराची शाल नेली होती.

औषध चालू केलं आहे. गुण यायला वेळ लागेल म्हणाल्या. शेवटी विचारलं, "हिची आई कुठे आहे?" सुकेशनी पुन्हा आत आली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी खाली.

परत आल्यावर भागवतला सगळं सांगितलं. तो भडकला. "उड्या मारे तवा उड्या काहून मारते म्हने. आता शांत बसली तं शांत काहून बसली म्हनता. बाबा, तुमाले पायजे तरी काय?" वैजयंतीला बोलव म्हटलं तर, ते गेली आपल्या पायानं, यायचं तं येईन आपल्या पायानं, एवढं बोलून दुकानात गेला. त्याला असं बोलायला कुणी शिकवलं ते तुला माहीत आहे. आपलेच दात, आपलेच ओठ.

तू ये, असं लिहायचं धाडस मला होत नाही. पण तू ये.

नानाजी


२३ फेब्रुवारी २०२५

चि. वैजयंती,

मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये युक्तीचं लिहिलं होतं, आठवतं? युक्ती ही होती. एक दिवस निकिता पाटावरून उठून पळाली आणि रडत म्हणाली, "मले आईपाशी जायचं हाय." मी म्हटलं, "तू हलली नाई, बोलली नाई, पाटावर शांत बसाले शिकली, तं येते तुही आई. चळवळी पोट्टी तिले नाई पायजे, म्हणून तं गेली." हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने. दुसऱ्या दिवसापासून पोर बसायला लागली आणि मला वाटलं माझी विद्या फळाला आली.

आणि दिवाळीतला तो मंगळवार. प्रयागबाई एकटीच आसेगावला गेली होती. निकिता घरात होती, मधल्या खोलीत पाटावर. तू उभी होतीस तिथून दहा पावलांवर. मला वाटलं झोपली असेल, किंवा तिला ऐकू गेलं नसेल. मी तसं वाटून घेतलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की तिला काही विचारू नका, नुसते जवळ बसा, हाताला काम असू द्या. म्हणून काल आम्ही दोघं हरभऱ्याचे घाटे सोलत बसलो होतो. ती एकदम बोलली.

"आबा, दिवाईत आई आल्ती."

मी म्हटलं, "तुले कसं माहीत?"

"आवाज आयकला ना मी."

"मंग बाहेर काहून नाई आली माय?"

"पाटावर होती ना." मग दोन-तीन घाटे सोलले आणि म्हणाली, "पन मी जरासी हालली होती. पायाले मुंग्या आल्त्या. म्हणून आई गेली."

वैजयंती, तू दारात उभी होतीस तेवढा वेळ ती पोर श्वास रोखून बसली होती. ती हलली नाही तर तू आत येणार होतीस.

मी तिला जवळ घेतलं आणि खरं ते सांगितलं. म्हटलं, तुही काही चूक नाई, आई तुह्यामुळं गेली नाई, मीच तिले तू घरी नाई म्हणून सांगतलं, मी खोटं बोललो. ती म्हणाली, "मास्तर कवा खोटं नाई बोलत." हे तिला मीच शिकवलेलं आहे. पहिलीत असताना, खोटं बोलली म्हणून, उठाबशा काढायला लावून.

मी पुन्हा सांगितलं. तिने मान हलवली, मला वाईट वाटू नये म्हणून हलवावी तशी. घाटे संपल्यावर हात धुऊन आली आणि पाटावर जाऊन बसली.

छत्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं आणि ते त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं, याचा मला अभिमान होता. डोक्यात बसलेलं बाहेर कसं काढायचं, ते मला येत नाही. मी हरलो. मला क्षमा करू नकोस, पण ये.

नानाजी


६ मार्च २०२५

चि. वैजयंती,

तुझं कार्ड आज मिळालं. "रविवारी सकाळच्या गाडीने येते. दार उघडं ठेवा." एवढंच आहे, पण मी ते चारदा वाचलं. दार उघडं राहील. निकिताला न्यायचं की इथे राहायचं, ते तू ठरव. या वेळी तिचा हात मी धरणार नाही. भागवत तोंड फिरवून बसला तर बसू दे, त्याचं मी बघतो. फाइल, गोळ्या, चिठ्ठ्या सगळं पिशवीत भरून ठेवलं आहे. हे पत्र पोस्टाने वेळेत पोचणार नाही. सुकेशनीचा भाऊ उद्या मंगरूळपीरला जातो, तो पुढे इंझोरीला आणून देईल.

येण्याआधी तुला एक माहीत असायला हवं.

मी घाई केली. कार्ड वाचलं आणि धावत जाऊन निकिताला सांगितलं, रविवारी आई येते. मला वाटलं, उडी मारेल. तिच्या डोळ्यांत किती महिन्यांनी काहीतरी हललं. पण ती उठली आणि पाटावर जाऊन बसली. दुपारचं जेवण तिथेच. पाणी प्यायला उठली नाही, मी नेऊन दिलं. पाट मी माळ्यावर टाकला तर त्याच जागी फरशीवर बसली. फरशी गार, म्हणून पाट परत काढून दिला. म्हटलं, तू खेळ, पळ, आई येणारच हाय. तर हळूच म्हणाली, "उठली तं नाई येणार."

सुकेशनीने समजावून पाहिलं, प्रयागबाईने लाडू दाखवला. काही होत नाही. रविवारपर्यंत तीन दिवस आहेत, आणि ती तशीच बसणार. तू आलीस की तिला वाटेल, मी बसली म्हणून आई आली. नाही आलीस तर वाटेल, मी हालली. आणि तू आल्यावर नुसती पाणी आणायला उठलीस तरी ती आपले पाय तपासून बघेल. हे कोडं मी घातलं आणि मला ते सुटत नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आईला येऊ द्या, हळूहळू होईल, एका दिवसात होणार नाही. किती दिवसांत, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पूर्वी मी तुला बरंच काही शिकवायचो. पोळी कशी लाटावी इथपासून पोर कशी वाढवावी इथपर्यंत. आता माझ्याकडे शिकवण्यासारखं काही नाही, एक मागणं आहे.

तू आत येशील तेव्हा ती मधल्या खोलीत समोरच दिसेल. तुझ्याच लग्नातला पाट, हाताची घडी, तोंडावर बोट, दिवाळीतला तो फ्रॉक. ती हलणार नाही. फक्त डोळे वर करून तुझ्याकडे बघेल आणि वाट पाहील, कारण पाटावर बसलं की शेवटी कुणीतरी एक शब्द म्हणतं, हे मी तिला आठ महिने रोज शिकवलं आहे. तू रड, तिला उचलून घे, तिच्यासमोर मला वाट्टेल ते बोल, पाट उचलून अंगणात फेक. पण वैजयंती, तिला शाबास म्हणू नकोस.

नानाजी